आजाराचा रकाना

बाबा, तुम्ही असता तर हा फॉर्म तुमच्या हातात दिला असता आणि सही करून मोकळी झाले असते. तालुक्यातले सगळे गुरुजी तसंच करायचे. शिक्षक संघटनेच्या सभासदांचा सामूहिक विमा यंदा नव्यानं होतोय, त्याचा फॉर्म सोमवारी शाळेत आला. अपघात, दवाखाना, मृत्यू असं सगळं त्यात आहे, आणि वारस म्हणून तुमच्या नातीचं नाव लिहायचं आहे. तेवढं मी लगेच लिहिलं. खाली प्रकृतीचे सात प्रश्न आहेत. सहा सोपे. सातवा असा, की मागील पाच वर्षांत मानसिक आजारावर उपचार घेतले आहेत काय. घेतले असल्यास तपशील द्या. शनिवारी केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद होती, तिथे फॉर्म द्यायचे होते, आणि आठवडाभर मी त्या एका रकान्यापाशी अडून बसले होते.

घेतले आहेत, बाबा. दीड वर्ष झालं. तुमचे जावई गेले त्याच्या पुढच्या वर्षी हे सुरू झालं. शाळा सुटली की पोषण आहाराच्या खोलीतली गॅसची टाकी बंद आहे ना ते बघायचं, कुलूप लावायचं, फाट्यापर्यंत चालत जायचं आणि तिथून परत यायचं. पुन्हा कुलूप काढायचं, पुन्हा बघायचं. शिरपूरकडून येणारी एसटी किती वेळा अशी डोळ्यांसमोरून गेली. स्वयंपाकाची बाई बिचारी म्हणायची, मॅडम, तुमच्याच समोर तं बंद केली. मलाही ते ठाऊक असायचं, पण पाय ऐकत नसत. मग वर्गात पोरं मोजणं सुरू झालं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि एखादं पाणी प्यायला गेलेलं असलं की छातीत अशी धडधड, की फळा धरून उभं राहावं लागे. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरांकडे गेले. वाशीममध्ये नाही गेले, कारण तिथल्या दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर हमखास कुणीतरी ओळखीचं निघतं. गोळ्यांची पट्टी रंगीत खडूंच्या डब्यात ठेवते. पोरीलासुद्धा सांगितलेलं नाही, ती अमरावतीला शिकते, तिचा जीव उगाच टांगणीला कशाला लावायचा.

आता या फॉर्मवर होय लिहिलं तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. परिषदेत फॉर्म मागच्या बाकावरून पुढे हातोहात जातात, आणि हातात आलेला वरचा फॉर्म वाचल्याशिवाय कुणी पुढे देत नाही. चहा येईपर्यंत केंद्रातल्या सगळ्या शाळांना कळलं असतं की अमुक शाळेच्या मॅडम डोक्याच्या गोळ्या खातात. पुढच्या आठवड्यात पालकांना कळलं असतं. आणि नाही लिहिलं तर काय होतं, तेही आपल्या दोघांनाच चांगलं ठाऊक आहे.

आपलं स्वयंपाकघर आठवतं का? तुम्ही संघटनेचे सचिव, म्हणून दर रविवारी ते संघटनेचं ऑफिस व्हायचं. पुढच्या खोलीत सायकली, आत चुलीपाशी आई चहाचं आधण घालून बसलेली, तुम्ही पाटावर, आणि मी बारावीतली पोरगी, मांडीवर उलटी परात आणि परातीवर फॉर्म. माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. गुरुजी मंडळी येत, चहा पीत, बदल्यांवर तावातावानं बोलत, कोऱ्या फॉर्मवर सही करून निघून जात. बाकीचं तुम्ही सांगायचं आणि मी लिहायचं. पंचायत समितीला जाणाऱ्या तक्त्यात एखादा रकाना कोरा राहिला की तक्ता परत येतो, हे तुम्ही जन्मभर भोगलं होतं. म्हणून जिथे काही भरायचं नसेल तिथे निरंक. साथीचे रोग निरंक, तक्रारी निरंक, शाळाबाह्य मुले निरंक. त्याच सवयीनं विम्याच्या फॉर्मवर तालुक्यातल्या समस्त गुरुजींचे आजारही निरंक. साखर, दमा, रक्तदाब, एकालाही काही नाही. इतका धडधाकट शिक्षकवर्ग महाराष्ट्रात दुसरा नसेल, असं मी एकदा म्हटलं आणि तुम्ही हसलात.

एकदा मात्र हसला नाहीत. मानोऱ्याच्या पुढे, पोहरादेवीकडच्या एका तांड्यावर शिकवणाऱ्या गुरुजींचा फॉर्म माझ्या परातीवर होता. त्यांना फिट यायची. आदल्याच उन्हाळ्यात आपल्या अंगणात पडले होते, आईनं त्यांच्या नाकाशी कांदा फोडून धरला होता. मी लिहिता लिहिता थांबले आणि म्हटलं, बाबा, यांना तर आजार आहे. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तू फॉर्म भरून राह्यली का डाक्टरकी करून राह्यली? लिव निरंक." मी लिहिलं. मला राग आला होता, पण निरंक लिहायला लावलंत म्हणून नाही, चार माणसांत बोललात म्हणून.

दोन वर्षांनी ते गुरुजी विहिरीवर पाणी काढताना पडले आणि गेले. कंपनीनं दवाखान्याचे जुने कागद मागवले. त्यांत फिटचा उपचार होता, फॉर्मवर निरंक होतं. माहिती लपवली म्हणून दावा नामंजूर झाला. त्यांची बायको आपल्याकडे आली तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. ती त्याच स्वयंपाकघरात बसली आहे, आई तिच्यासमोर कपबशी ठेवते, ती हात लावत नाही. तुम्ही तिला अपील, निवेदन, वरचं ऑफिस असं काहीबाही समजावून सांगताय आणि ती सगळं ऐकून घेते. मग म्हणते, "गुरुजी, तुमाले तं मालूम होतं." आरडाओरडा नाही, रडणं नाही. मी दाराशी उभी होते. मला कुणी काही बोललं नाही, पण अक्षर माझं होतं.

त्यानंतर तुम्ही अकोल्याला कंपनीच्या ऑफिसात किती खेपा घातल्या त्याला गणती नाही. काही झालं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही सचिवपद सोडलं. लोक म्हणाले, राजकारण झालं. तुम्ही लोकांना तसं म्हणू दिलंत आणि मीही तेच सांगत राहिले.

मला नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, आता बाबा साडी घेतील, निदान घड्याळ तरी. तुम्ही पेढ्यांच्याही आधी खिशातून संघटनेच्या सभासदत्वाची पावती काढलीत, माझ्या नावाची. मी हिरमुसले, ते तुमच्या लक्षात आलं. "दूरच्या शाळेवर बाई मानूस एकटी पडते," तुम्ही म्हणालात, "संगं कोनीतरी पायजे." आणि मग जरा थांबून, "फॉर्म मात्र सोता वाचून भरजो." झाल्या प्रकाराबद्दल तुम्ही जे काही कधी बोललात ते एवढंच.

आताचे सचिव कारंजाचे आहेत, उर्दू शाळेवर शिकवतात, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. सोमवारी फॉर्म घेऊन तेच आले होते. त्यांनी विम्याबरोबर आणखी एक सोय सांगितली. मन ठीक नसेल तर सभासदांनी फोन करायचा, समुपदेशक बोलतात, नाव कुणाला कळत नाही. तो नंबर त्यांनी ऑफिसातल्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवला. मुख्याध्यापक म्हणाले, चला, पागलांचीही सोय झाली. सगळे हसले. मीही हसले, बाबा, जरा जास्तच हसले. सचिव हसले नाहीत. निघताना व्हरांड्यात मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की सातव्या प्रश्नाला लोक काय लिहितात. ते म्हणाले, "मॅडम, जे हाय ते लिवा. कंपनी नाही म्हनन तं आत्ता म्हनन, आपन भांडू. मांगून पोरीबाळीले भांडा लागू नये."

शनिवारी मी परिषदेला अर्धा तास आधी गेले आणि पहिल्या बाकावर बसले. नोकरीत पहिल्यांदाच. माझ्या पुढे कुणी नको होतं, म्हणजे माझा फॉर्म कुणाच्या हातात जाणार नाही. मागून गठ्ठा आला तेव्हा माझा फॉर्म त्यात घातला नाही, उठून सचिवांच्या हातात दिला. सातव्या रकान्यात होय लिहिलं होतं, डॉक्टरांचं नाव, गोळ्यांचं नाव, कधीपासून, सगळं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, फॉर्म पालथा केला आणि गठ्ठ्याच्या पार तळाशी घातला. शेजारच्या मॅडमनी वाचलं का, ते माहीत नाही. कंपनी काय म्हणेल तेही माहीत नाही, महिनाभरात कळेल म्हणतात. तोवर फोन वाजला की दचकते आहे.

एक सांगायचं राहिलं. होय लिहिण्याआधी, गुरुवारी मधल्या सुट्टीत, शाळेच्या मागे जाऊन मी तो नंबर लावला होता. एका बाईंनी उचलला. त्यांचा आवाज ऐकला आणि मी घाबरून म्हणाले, मला माझ्या वडिलांविषयी विचारायचंय. मग सांगत गेले. वडील गॅस बंद आहे का ते पुन्हा पुन्हा बघतात, माणसं मोजतात, त्यांच्या छातीत धडधडतं. त्यांनी विचारलं, आणखी काही? आणि माझ्या तोंडून निघालं, की मानोऱ्याची एसटी लागली की ते स्टँडवरून उठून बाहेर जातात. की जेवायला बसतात आणि पहिला घास हातात धरून तसेच बसून राहतात. की सही करायला कुणी कागद पुढे केला तर आधी चष्मा शोधतात, आणि चष्मा डोळ्यांवरच असतो. एवढं बोलले आणि थांबले, कारण यातलं काहीच माझं नव्हतं. बाईंनी वडिलांचं वय विचारलं. मी माझं सांगितलं, सेहेचाळीस. त्या म्हणाल्या, "ताई, आता तुमचं सांगा." घंटा होईपर्यंत मी माझं सांगितलं. तुमचं मात्र, बाबा, तुम्ही होता तोवर मी रोज बघत होते, आणि एकदाही विचारलं नाही.