बाहेर तोंड करून बसलेला

४ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. मी ठीक आहे. खोली लहान, पण उजेड चांगला. परीक्षा पंधरा तारखेला.

दादाचंच पुस्तक वापरतेय. गोल टेबलाभोवती आठ जण बसलेत, कोण कोणाच्या शेजारी ते ओळखा, अशी त्यात कोडी आहेत. दादाने अ, ब, क खोडून आपली माणसं बसवलीत. एका ठिकाणी पेन्सिलीने लिहिलंय, आत्याला आईपासून लांब ठेवणे. मी एकटीच हसले. मग लक्षात आलं, काही कोड्यांत काही जण टेबलाकडे तोंड करून बसतात, काही बाहेर. आणि बाहेर बघणाऱ्यांत दादा प्रत्येक वेळी आहे.

तो याच परीक्षेला गेला आणि घरी परतला नाही, त्याला आता तीन वर्षं होतील. घर सोडणारे सगळे बाहेर बघतात. दादा बाहेर बघत होता. म्हणून त्याला घर सोडायचंच होतं. या विधानांवरून हा निष्कर्ष निघत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी पुस्तक मिटलं की तो पाठमोरा बसलेला दिसतो. रोज पाचांतली चार कोडी चुकतात.

त्या सकाळी मी त्याला चिडवलं होतं, की सोपी कोडीही चुकवतोस, तुला कोण कारकून करणार. तो माझ्यामुळे गेला का? तुम्ही काहीतरी लपवता असं मला वाटतं. खरं कळल्याशिवाय माझ्याने परीक्षेला बसवणार नाही.

आईला नमस्कार. लोभ कमी होऊ देऊ नका.
तुमची मुंगी


९ जून

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.
मला सहीपुरतंच येतं, म्हणून नेहमीसारखं औषधवाल्याकडून लिहून घेतोय. दुकान रिकामं होईपर्यंत थांबलो.

तू चिडवलंस त्याचं त्याला काही नव्हतं. वाटेत मला सांगून हसत होता. बस थांब्यावर मीच त्याला म्हणालो, की उन्हातान्हात विटा रचून तुला शिकवलं, पास झालास तरच घराची पायरी चढ. इथे औषधवाल्याने पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, लिही.

पेपर वाईट गेला असं त्याला वाटलं असणार. दोन महिन्यांनी निकाल आला. तो पास झाला होता. कागद मी थापी-ओळंब्याच्या पिशवीत तळाला ठेवला. काल तुझ्या आईला दाखवला. ती अजून माझ्याशी बोललेली नाही.

आणि तो बाहेर तोंड करून बसायचा लहानपणापासून. जेवतानासुद्धा. मला कामावर बोलवायला कोणी येतंय का, ते बघत.

पास हो, नापास हो, पेपर अर्धा टाकून ये, पण संध्याकाळच्या बसने घरी ये. मी थांब्यावर असेन.
तुझा बाप


१५ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. परीक्षेच्या शाळेसमोरच्या बाकावर बसून लिहितेय. हे पोचेल तेव्हा मी घरीच असेन, पण तोंडाने सांगता येणार नाही. औषधवाल्या काकांकडून वाचून घ्या.

मी तुमच्यावर रागावलेय. थोडाथोडका राग नाही. पण रागावूनही घरी येता येतं.

पेपर दिला. आठ जणांचं कोडं होतंच. अ, ब, क तसेच राहू दिले, आपलं कोणी बसवलं नाही. सुटलं.

कोणी कुठे बसायचं त्याची यादी वर्गाच्या दारावर लावली होती. माझं नाव वरून सातवं. ते सापडलं तरी मी यादी शेवटपर्यंत वाचली, दादाला आपण पास झाल्याचं अजून ठाऊक नसेल म्हणून. मग शेजारच्या वर्गाची वाचली. घंटा झाली, म्हणून तिसऱ्या वर्गाची राहिली.

लोभ आहेच, तो असू द्यावा.
तुमची मुंगी