तिळाएवढा कण

४ तारीख, मंगळवार
ग्राइंडर मारताना उजव्या डोळ्यात काहीतरी गेलं. चष्मा होता, पण कपाळावर! आमचे मिस्त्री, त्यांना सगळे काकाच म्हणतात, त्यांनी आपली बाटली काढली आणि दोन थेंब टाकले. वर्कशॉपमध्ये कुणाचाही डोळा लाल झाला की हीच बाटली. संध्याकाळपर्यंत लाली गायब. कामावर रुजू.

६, गुरुवार
लाली नाही. पण दारावरचा दिवा कापसासारखा दिसतोय. पुन्हा थेंब.

७, शुक्रवार
डोळा उघडेचना. काका हातातलं काम टाकून मला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी डोळा बधिर केला आणि सुईच्या टोकाने लोखंडाचा कण काढला. तिळाएवढाही नव्हता. बुबुळावर जखम झालीय, त्यात जंतू शिरलेत म्हणाल्या. मधोमध डाग पडला तर या डोळ्याने धड दिसणार नाही.

एका डोळ्यावर मला ग्राइंडरवर कोण ठेवणार?

याआधी काय टाकलंत, असं त्यांनी विचारलं. काकांनी खिशातून बाटली दिली. बाईंनी वाचली, आणि त्यांचा आवाजच बदलला.

“यात स्टिरॉइड आहे. लाली दबते, पण आत जंतूंना मोकळं रान मिळतं.”

काकांनी बाटली परत घेऊन खिशात ठेवली.

आता जंतूंचं औषध दर तासाला. दुसरं दिवसातून तीनदा, त्याने बाहुली मोठी होते आणि डोळ्याला आराम पडतो. दोन्हींमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो. विसरेन म्हणून इथेच लिहून ठेवतो.

८, शनिवार
मला घालता येत नाही, सगळं गालावर. काका घालतात. खालची पापणी ओढून एकच थेंब, मग नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरायचा. तो दाबला नाही की घशात कडू उतरतं. पाच मिनिटं बसायची म्हणजे मला शिक्षाच. काका म्हणाले, “बूड टेकव रे, मुंगळे चावतायत का?”

काकांनी मोबाइलवर तासातासाचे गजर लावलेत.

१०, सोमवार
उजेड सोसत नाही म्हणून लावलेला काळा चष्मा बघून ताई व्हिडिओ कॉलवर हसत सुटली. कुठल्या सिनेमात लागलास म्हणे! आईला सांगू नकोस म्हटलं, तर तिने फोन आईच्याच हातात दिला. आई म्हणाली, घरी ये. एरवी मी लगेच पिशवी भरली असती. पण म्हटलं, इथे काका बघतायत माझ्याकडे. बोललो आणि मलाच बरं वाटलं.

१४, शुक्रवार
टोचणी थांबली. अक्षरं अजून विरघळलेली. बाहुली मोठी आहे म्हणून तसं, असं बाई म्हणाल्या.

२१, शुक्रवार
जखम भरली! डाग राहिलाय, पण कडेला, बाहुलीसमोर नाही. डावा डोळा झाकून तक्त्याची शेवटून दुसरी ओळ वाचली. काकांनी पाठीत असा धपका घातला की चष्माच पडला.

मग बाईंनी सहज विचारलं, ती बाटली तुम्ही स्वतः किती दिवस वापरताय? तीन वर्षं झाली, काका म्हणाले, रोज सकाळी, धुराने डोळे चुरचुरतात म्हणून. बाई हसायच्या थांबल्या. खुर्ची पुढे ओढली.

“बसा इथे.”

२२, शनिवार
काकांच्या दोन्ही डोळ्यांतला दाब वाढलाय, त्या बाटलीनेच. दुखत नाही, म्हणून कळलंच नाही. कडेचं दिसणं गेलंय ते गेलंच. उरलेलं राखायला थेंब, रोज, कदाचित जन्मभर. आजचा पहिला मी घातला. मग नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरला.