नऊ अज्ञात, सहा समीकरणं

३ ऑगस्ट १९९२
दादा सायकलवरून पडला त्याला महिना झाला, डोकं अजून दुखतंय. डॉक्टरांनी सीटी स्कॅन सांगितलाय. मशीन इंदूरला नवीनच. दादाने सल्ला मला विचारला. साहजिक आहे, खानदानात गणितात एम.एस्सी. मी एकटा. उद्या पहाटे पाचपासून सीटीचं गणित मुळापासून करणार.

४ ऑगस्ट, सकाळी ९
उठलो. तत्त्व सोपं आहे. किरण डोक्यातून आरपार जातो आणि वाटेत जे लागलं त्याची फक्त बेरीज सांगतो. अशा बेरजांवरून आतलं चित्र काढायचं. नऊ घरांचा चौकोन आखला. आडव्या बेरजा तीन, उभ्या तीन. अज्ञात नऊ, समीकरणं सहा. सुटणंच शक्य नाही! म्हणजे चित्र अंदाजपंचे. इतक्या लोकांच्या लक्षात कसं आलं नाही? पेपर लिहावा.

५ ऑगस्ट
दादाला सांगितलं. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, डॉक्टर काय पागल आहेत का? दादा म्हणाला, वासू बोलतोय तर सोचूनच बोलत असेल. स्कॅन कॅन्सल. छान वाटलं.

९ ऑगस्ट, रविवार
दादा आला होता. चौकोन दाखवला. मिल बंद पडेपर्यंत तो फोल्डिंग खात्यात कपडा तपासायचा. त्याने कागद कपड्यासारखाच तिरपा धरला आणि म्हणाला, तिरप्या बेरजा का नाही घेतल्या रे? कपड्यातला दोष सरळ बघून थोडीच दिसतो.
मी हसलो. चहा दिला. कप त्याच्या डाव्या हातातून पडला. म्हणाला, आजकल होतं असं.
तो गेल्यावर तिरप्या बेरजा घेतल्या. नऊच्या नऊ आकडे सुटले.

१० ऑगस्ट
दादाला सांगायलाच हवं. पण अर्धवट सांगणं बरं नाही. आधी थिअरी पूर्ण वाचतो.

१२ ऑगस्ट
बडा गणपती भागात दादाच्या घराच्या दारापर्यंत गेलो. आतून त्याचा आवाज आला. परत फिरलो. वाटेत कचोरी खाल्ली. लाज वाटली, पण खाऊन झाल्यावर.

१४ ऑगस्ट
दादा सकाळी उठेचना. वहिनींनी शेजारच्या विजयच्या टेम्पोतून नेलं. स्कॅनमध्ये डोक्यात साकळलेलं रक्त दिसलं. मीही बघितलं. चित्र अगदी स्वच्छ होतं. लगेच ऑपरेशन.

२२ ऑगस्ट, शनिवार
दादा बोलतोय, जेवतोय. डावी मूठ मात्र वळत नाही. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणायला हवं होतं, स्कॅन कॅन्सल कोणी केला? मी तोंड उघडलं. तेवढ्यात दादा म्हणाला, साहेब, मीच डरलो. वासू तर रोज मागे लागला होता.
वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, हो, रोज.
नऊ तारखेलाच मला कळलं होतं, हे दादाला सांगणार. उद्याच. उद्या रविवार, भेटणाऱ्यांची गर्दी असते.
सोमवारी.