टोराबाईंचा दिवा

१२ सप्टेंबर
बर्गेनहून या डोंगरातल्या गावी येणारी बस तासभर उशिरा पोचली, तरी घरमालकीण टोराबाईंनी गरम वॉफल आणि तपकिरी चीज पुढ्यात ठेवलं. इथे मजेत राहणार मी! माझं काम म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून रानटी रेनडिअरच्या वाटा नकाशावर आणायच्या. त्या वाटा सोडून उरलेल्या जागेत कंपनी सुट्टीची घरं बांधेल. आकाशातून बघतेस तर माझ्या कपाटामागची धूळही दिसेल की गं, म्हणून बाईंनी चिडवलं.

अंगणातला दिवा भरदिवसा जळतो. डोंगरावर गेलेलं माणूस परतेपर्यंत इथे दिवा मालवत नाहीत. बाईंची मुलगी सिगरुन चार हिवाळ्यांपूर्वी बर्फावर घसरायच्या स्कीच्या पट्ट्या पायांना बांधून कळपामागे धुक्यात गेली, ती अजून आलेली नाही.

२३ सप्टेंबर
ढगाळ चित्रं आम्ही बाजूला टाकतो, तशी रीतच आहे. स्वच्छ चित्रांत उत्तरेच्या खिंडीत खुराचा एकही ठसा नाही. बाई म्हणाल्या की कळप तिथून धुक्यातच उतरतो, आणि सिगरुन त्याच वाटेने येईल. तेवढी बंद करू नकोस पोरी, म्हणून माझा हात धरला. वाईट वाटलं. पण पुराव्याशिवाय काय करणार? ‘वापरात नाही’ असं लिहून नकाशा पाठवला.

१६ ऑक्टोबर
घरांसाठी खिंडीत जाळीचं कुंपण उभं राहिलं. बाई वॉफल देतात आणि खिडकीतून खिंडीकडे बघत बसतात. मला राहवेना. टाकलेली चित्रं उघडली.

ढगांच्या फटींतून खुरांची वाट दिसते. तिच्यात दोन बारीक समांतर रेघा, स्कीने उमटतात तशा. एवढं बारीक दिसायलाच नको. दर चित्रात रेघा आणखी खाली आलेल्या.

१९ ऑक्टोबर
नवं चित्र. रेघा कुंपणाशी अडल्या आहेत. इकडून तिकडे, तिकडून इकडे, बर्फ पार तुडवलेला. मी रडत रडत बाईंना दाखवलं. त्यांनी सिगरुनची लोकरीची टोपी घेतली. दिवा मालवू नकोस, एवढंच सांगून पायीच चढून गेल्या.

२० ऑक्टोबर
धुकं. बाईंना शोधायला गेलेले रिकाम्या हाताने परतले.
आजच्या चित्रात बाईंची पावलं वर गेलेली, कुंपणापलीकडे पुसलेली. आणि रेघा — कुंपणाला वळसा घालून खाली — आपल्या अंगणापर्यंत —

दुपार
पायरीवर कुणीतरी बर्फ झटकतंय. स्की भिंतीला टेकवल्या, घरच्यासारख्या. बाई पायी गेल्या होत्या.
कोवळा आवाज. म्हणते, दिवा दिसला गं, आले. दार उघड ना, आई.
दार उघडलं तर विचारेल, आई कुठाय. कसं सांगू, की ती तुलाच आणायला —