पुण्याहून आणलेला मासा

माय, आज रविवार, आठ फेब्रुवारी, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. मी टाकीत गोडं पाणी ओतत होतो. काचेवर बाहेरून पेनानं एक रेघ मारलेली आहे, पाणी तिच्याखाली तीन मिलिमीटर उतरलं होतं. समुद्राच्या टाकीचं असं असतं की पाणी उडून जातं आणि मीठ मागं राहतं. म्हणून जेवढं उडालं तेवढं साधं पाणी घालायचं, मिठाचं नाही. आज पाऊण लिटर लागलं. ओतताना मासा वर आला आणि माझ्या बोटांकडे बघत थांबला, तेव्हा वाटलं की तुला आता लिहूनच टाकावं. तुला जाऊन नऊ वर्षं झाली. हे कुठं पाठवायचं नाही, त्यामुळे पाकीट आणलेलं नाही. प्लांटच्या जुन्या रजिस्टरची मागची कोरी पानं घेतली आहेत.

तुझ्या धान्याच्या कोठ्या जिथं होत्या तिथं आता अडीच फूट लांबीची काचेची टाकी आहे. तिच्यात पांढरी वाळू, भोकाभोकाचे दगड आणि एका दगडावर जिवंत पोवळं. पोवळं म्हणजे तुला अंगठीतला खडा वाटेल, मलाही तेच वाटायचं. हे मऊ जातीचं आहे, नखाएवढं. दिवा लावला की उघडतं, मालवला की मिटतं. आणि एक नारंगी मासा, अंगावर तीन पांढरे पट्टे. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. तरी घरात समुद्र करावा हे मला कसं सुचलं, तर खरं सांगतो, मला सुचलं नाही. त्याला सुचलं. तुझ्या बहिणीच्या मुलाला, आपल्याच घरात वाढलेल्या. त्यानं पुण्याच्या फ्लॅटमध्ये अशी टाकी केली आणि अण्णांच्या फोनवर व्हिडिओ पाठवला. अण्णांनी तो चहाच्या हॉटेलात सगळ्यांना दाखवला. "आमच्या पोरानं घरात समुद्र केलाय, बघा." त्यांचं पोटचं पोर शेजारीच बसलेलं होतं. मी सहा वर्षं बोरी गावातल्या जारच्या पाण्याच्या प्लांटवर आहे. सकाळ-संध्याकाळ पाण्यातले क्षार मोजून लिहितो, रजिस्टरात आजवर एक खाडाखोड नाही. पाणी हा माझा विषय आहे. कॉम्प्युटरवर बसणाऱ्याला जे जमतं ते मला का जमू नये, एवढ्यावरच सगळं सुरू झालं. हौस नंतर आली.

पहिल्यांदा टाकी बिघडली ती तुझ्या एका शब्दामुळे. तू म्हणायचीस, बोरचं पाणी खारं, नळाचं गोडं. डाळ खाऱ्या पाण्यात शिजत नाही म्हणून तू लांबून घागर आणायचीस. ते डोक्यात इतकं पक्कं होतं की मी म्हटलं, आपलं बोरचं पाणी खारं तर आहेच, निम्मं काम देवानंच केलेलं आहे. सात बादल्या बोरचं पाणी भरलं आणि पाकिटातलं समुद्राचं मीठ निम्मंच घातलं. तीन आठवड्यांत दगडांवर हिरवे केस उगवले आणि दगड साफ ठेवायला सोडलेल्या चार गोगलगायी मेल्या. शेवटी त्यालाच फोन करावा लागला. तो म्हणाला, "बोरचं टाकलंस? आरं, खारं म्हंजे खारट न्हवं. त्यात चुना आस्तो, मीठ न्हाई." आणि हसला. वाईट हसला नाही, तसा तो कधीच हसत नाही, तेच तर. मी वेलांटी-उकार चुकू न देणारा माणूस. तो अजून 'पाणी' लिहिताना णला पहिली वेलांटी देतो. आणि मला दोन शब्दांतला फरक त्यानं सांगावा.

सगळं पाणी उपसून गटारात ओतलं, कारण ते झाडालाही चालत नाही. मग प्लांटचं पाणी आणखी एका छोट्या फिल्टरमधून काढून पुन्हा भरलं. अण्णा बाजेवरून बघत होते. म्हणाले, "हा मासा खायचा हाय का नुसता बघायचा?" मी म्हटलं, बघायचा. "मंग त्याला जारचं पाणी कामून? त्याला काय अ‍ॅसिडिटी हाय?" या वेळी मी मीठ तोलून घातलं, नळीतून उजेडाकडे बघत खारटपणा मोजला, तीन वेळा. तुझी मला आठवण झाली. शाळेत तू दोनशे पोरांची खिचडी टाकायचीस आणि मीठ मुठीनं घालायचीस. चाखायची नाहीस. कधी कमी नाही, कधी जास्त नाही. मी एकदा विचारलं होतं, तुला कसं कळतं, आणि तू म्हणालीस, "हाताला कळतं." तो हात मला आला नाही. माझ्याजवळ नळी आहे, साडेचौदाशे रुपयांची.

खिचडीवरून ते निघालंच आहे तर लिहितो. मी तिसरीत, तो चौथीत. खिचडी वाढून झाली की डेगीच्या तळाला जी खरवड राहायची ती तू उलथन्यानं काढून त्याच्या ताटात टाकायचीस. तांबूस, कुरकुरीत. मी एक दिवस ताट पुढं धरून उभा राहिलो, सगळी पोरं गेली तरी हललो नाही. तू मला बाजूला घेतलंस आणि हळू म्हणालीस, "तुला माय हाय. त्याला न्हाई." बस, एवढंच. नंतर कपडे, चप्पल, पॉलिटेक्निकची फी, सगळं त्या एका वाक्यावर चाललं. मी दहावीला गणितात राहिलो आणि ऑक्टोबरचा फॉर्म भरायचा राहिला, कारण त्या महिन्यात त्याच्या होस्टेलचे भरायचे होते. तू म्हणालीस, "तुजं अक्षर चांगलं हाय, तुला कुटंबी काम लागंल." ते खरं झालं. मला राग तेव्हाही सांगता आला नाही, कारण तुझ्या वाक्याला उत्तर नव्हतं. पण माय, नऊ वर्षं झाली, आता माय मलाही नाही. आता तरी आम्ही सारखे व्हायला पाहिजे होतो.

महिनाभर नुसत्या दगडांची राखण केल्यावर पाणी माशाला चालेल असं झालं. मी त्याला सांगितलंही नव्हतं, अण्णांनी सांगितलं. तो संक्रांतीच्या आधी मासा घेऊन आला. पुण्याहून परभणीपर्यंत रेल्वेनं, पुढं एसटीनं, थर्माकोलचा डबा मांडीवर धरून. पोवळंही त्यानंच आणलं, त्याच्या एका मित्राच्या टाकीत वाढलेलं. पैसे विचारले तर म्हणाला, "येडा हायस का?" आणि दुसऱ्या दिवशी गेला.

मासा खाईना. मी दाणे मोजून टाकत होतो, सकाळी सहा, संध्याकाळी सहा. ते खाली वाळूत जाऊन पडायचे आणि मी चिमट्यानं एकेक वेचून काढायचो, पाणी नासू नये म्हणून. मासा दगडामागं तोंड करून उभा. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. प्लांटवर माझं लक्ष लागेना, दोन जार उपडे भरायला ठेवले. घरी येताना रोज वाटायचं, आता तो आडवा दिसणार. दहाव्या दिवशी तुझा भाचा जिंतूरला कुणाच्या लग्नाला आला होता, तिथून वाट वाकडी करून आपल्याकडे. टाकीसमोर उकिडवा बसला, बराच वेळ बघितलं. मग उठून स्वयंपाकघरात गेला, फळीच्या मागून तुझा खलबत्ता काढला, कुठं असतो ते त्याला अजून माहीत, लसणाच्या दोन पाकळ्या ठेचल्या आणि दाणे त्या रसात भिजवले. मी म्हटलं, समुद्रात लसूण असतो का? तो म्हणाला, "लाडाचं लेकरू हाय ते, चवीबिगर खात न्हाई." पंप बंद केला, चिमूटभर दाणे पाण्यावर धरले. मासा सरळ वर आला आणि त्याच्या बोटांतून खाल्लं. अण्णांनी बाजेवरून टाळी वाजवली. मी चुलीपाशी गेलो आणि कारण नसताना पाणी प्यालो.

हे मी आधी एकदा पाहिलेलं होतं. तुझ्या दहाव्याला. नदीवर पिंड ठेवलेला आणि कावळा शिवेना. मी हात जोडले, सांगितलं, माय, अण्णांना सांभाळतो. नाही. घर नीट ठेवतो. नाही. ऊन डोक्यावर आलं, लोक कुजबुजायला लागले, "जीव कशात तरी गुतलाय तिचा." मग कुणीतरी म्हणालं, त्याला हात जोडू द्या. तोही माझ्यासारखंच मुंडण करून बसला होता. तो पुढं झाला आणि म्हणाला, "मावशे, मी शिकीन. आन् ह्याला अंतर देणार न्हाई." ह्याला, म्हणजे मला. कावळा आला. मी तुझा पोटचा, आणि तू गेलीस त्याच्या शब्दावर. तुझा जीव कशात गुंतला होता ते मात्र तिथं मला एकट्याला माहीत होतं.

लसणाचे दाणे तेव्हापासून मासा माझ्याही हातून खातो. आता तर मी दिसलो की वर येतो. पण त्याचा रोज फोन यायचा. "आपला मासा कसाय?" आपला. अण्णा हॉटेलात सांगायचे, "पोरानं पुण्याहून आणलेला मासा." पाणी माझं, मीठ माझं, पाच महिने पाठ माझी मोडली, आणि मासा पुण्याहून आणलेला. मागच्या सोमवारी त्यानं पुन्हा विचारलं आणि मी म्हटलं, "मेला." ठरवून म्हटलं नाही. तोंडातून शांतपणे बाहेर पडलं. तो म्हणाला, "मीच लय येळ पिशवीत ठेवला आसंल. तुजी काई चूक न्हाई, बरं का. तू मनाला लावून घेऊ नको." थोड्या वेळानं फोनवर चोवीसशे रुपये आले, खाली लिहिलेलं, 'नविन घे'. मला आधी दिसली ती वेलांटी. बाकीचं नंतर दिसलं.

अण्णांना मी काही सांगितलं नव्हतं. काल जेवताना ते म्हणाले, "त्याचा फोन आल्ता. मासा कसा मेला म्हणून इचारायलता." मी भाकरीकडे बघत राहिलो. "म्या म्हनलं, मला काई दिसत न्हाई बाबा, डोळ्यात मोतीबिंदू हाय. खोटं बोलायला मला हेच वय राह्यलं व्हतं." मग टाकीकडे बघून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. तो येत्या शनिवारी येतोय, मला बरं वाटावं म्हणून.

आता तुला जे सांगायचं आहे ते सांगतो. त्याला सांगायच्या आधी तुला सांगावं लागेल, कारण फसवलेल्यांत तू पहिली आहेस. परभणीच्या दवाखान्यात शेवटच्या बुधवारी तू म्हणालीस, "त्याला बोलाव." मी म्हटलं बोलावतो, आणि बाहेर व्हरांड्यात आलो. फोन कानाला लावला. नंबर लावलेला नव्हता. खिडकीतून तुला मी दिसत होतो, म्हणून ओठ हलवले. आत येऊन सांगितलं, "गाडीत बसला." तू मान हलवलीस. त्या रात्री तू तीन वेळा विचारलंस, आला का, आणि मी तीनही वेळा एकेक गाव पुढं सरकवलं. जालना आलं म्हणालो. परतूर आलं म्हणालो. सेलू आलं म्हणालो. सगळ्यांना मी नंतर सांगितलं की त्याचा पेपर होता, म्हणून कळवलं नाही. पेपर होता हे खरं आहे. पण मी पेपरसाठी थांबलो नव्हतो. तुझ्या खाटेजवळ एकच स्टूल होतं आणि तो आला असता तर मला ते द्यावं लागलं असतं. पहाटे तू गेलीस तेव्हा तुझं तोंड दाराकडे होतं. तो अजून मलाच म्हणतो, "तू व्हतास ना तिच्याजवळ, लय बरं झालं."

टाकीचा खर्च आजपर्यंत असा: काच बेचाळीसशे, लोखंडी स्टँड अडीच हजार, दिवा अडतीसशे, मीठ दोन वेळचं अडतीसशे, दगड आणि वाळू छप्पन्नशे, पंप, पंखा, हीटर मिळून तेहतीसशे, नळी साडेचौदाशे, जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर सहा हजार. एकूण तीस हजार सहाशे पन्नास. दोनदा बेरीज केली आहे. देणं: प्लांटच्या मालकाची उचल, कापून राहिलेले तीन हजार. वेल्डरचे पाचशे. आणि त्याला चोवीसशे रुपये आणि त्या बुधवारचा एक फोन. चोवीसशे माझ्याकडे आहेत.