मी ऐकलं, तर पहारेकऱ्याने ऐकलं

१ फेब्रुवारी, रविवार

सटकले! तिघंही! माझ्या नाकावर टिच्चून!

महिनाभर खपून मी आमच्या रविवारच्या सोंगट्यांच्या खेळासाठी तो मिठाच्या कोठारातला दबा रचला होता. माळ्यावर चार दरोडेखोर, खाली अंधारी वाट, वाटेच्या तोंडाशी दोरीला टांगलेली तुळई. खालून जरा आवाज आला की दोरी कापायची. आणि दादाचा सरदार, वहिनीची चोरटी, आमच्या फोटोग्राफर मित्राचा मांत्रिक अशी ती वरात आरामात निघून गेली. माझे दरोडेखोर वर माशा मारत बसले!

चूक माझ्याच नियमाची आहे म्हणावं, तर तो नियम दोन वर्षं उत्तम चाललाय. आधी फासे होते. पण ‘चाहूल लागते का बघा, टाका फासा’ असं मी म्हटलं की फासा थांबायच्या आत तिघांच्या तलवारी बाहेर! दबा कसला, ते आमंत्रणच झालं. म्हणून फासे बंद. लपायची वेळ आली की सूत्रधार — म्हणजे मी — टेबलाकडे पाठ करून खिडकीशी उभी राहते. त्यांनी मागे कुजबुजून बेत करायचा. मी ऐकलं, तर पहारेकऱ्याने ऐकलं. एक शब्द जरी मी परत म्हणून दाखवला तरी पकडले.

पूर्वी दर दोन डावांत एकदा तरी सापडायचे. दादाला तर कुजबुजताच येत नाही. त्याची कुजबूज जिन्यात ऐकू जाते असं वहिनी लग्नापासून सांगतेय. आणि आज तोसुद्धा चिडीचूप?

सुधारले म्हणायचे. पण मला आनंद का होत नाहीये!

३ फेब्रुवारी, मंगळवार

दिवसभर लॅबमध्ये दातच दात. सहा कवळ्या, दोन टोप्या. मालकांनी येऊन माझं घासायचं यंत्र बंद केलं. ‘अहो बाई, सकाळपासून किंचाळतंय ते, बेअरिंग गेलंय, तुमच्या कसं लक्षात नाही आलं?’ मी तिथेच असून नव्हते. डोक्यात कोठार. मालकांना काय सांगणार, चार दरोडेखोर उपाशी आहेत म्हणून?

उरलेल्या प्लास्टरचे दोन नवे पहारेकरी ओतले. एकाचं नाक मोठं आलं. राहू दे.

८ फेब्रुवारी, रविवार

परत तेच.

या वेळी अट घातली होती — तिघांनीही बोलायचं, पूर्ण वाक्यात, कागदावर लिहायचं नाही. पाठ करून उभी राहिले. कान टवकारून! रस्त्यावरून गाड्या जात होत्या, बाकी काही नाही. वळले तर तिघं माझ्याकडेच बघत होते. ‘ठरलं?’ मी विचारलं. ‘ठरलं,’ दादा म्हणाला. चेहरा मात्र जिंकलेल्या माणसाचा नव्हता. मी हरतेय म्हणून कीव करतोय की काय? मला कुणाची कीव नकोय.

वहिनीने जाताना विचारलं, ‘बरी आहेस ना गं?’ चांगली धडधाकट आहे मी.

१० फेब्रुवारी, मंगळवार

खुणा करतात. नक्की खुणा करतात.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बसवत नाही. घासून झालेला दात परत घासला, बारीक झाला, फुकट गेला. घरी आल्यावर टेबल खिडकीच्या एक हात जवळ ओढलं. मग वाटलं फार जवळ झालं. परत मागे. परत पुढे.

एवढं काय त्यात, असं कुणीही विचारेल. एका खेळातला दबा फसला, जग बुडालं नाही. पण आठवडाभर मी कुणाच्या तरी तोंडात बसणारे दात करते आणि ते तोंड मला कधी दिसत नाही. रविवारी तीन ते सात माझ्या टेबलाभोवती तीन जिवंत माणसं असतात, आणि त्या चार तासांत त्यांना घाबरवायचं काम माझं. ते नीट करता येत नसेल, तर ती माझ्याकडे येणार कशाला?

१५ फेब्रुवारी, रविवार

मोडलं सगळं. मीच मोडलं.

पाठ करून उभी होते. मनात वीस मोजले आणि गर्रकन वळले. वहिनी ताठ बसलेली, मान वर, आणि ओठ हलतायत. नुसते ओठ! आवाज नाही! दादा आणि फोटोग्राफर तिच्या तोंडाकडे बघतायत.

‘सापडलीस!’ मी ओरडले. ‘ओठ वाचायचे ठरवलेत काय तिघांनी? तीन रविवार मला येड्यात काढताय?’

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. ती दादाकडे बघायला लागली. दादा टेबलाकडे. फोटोग्राफर म्हणाला, ‘ताई, तसं नाही हो...’ मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. तोंडाला येईल ते बोलले. जिला मी फासा कसा धरायचा ते शिकवलं तीच मला फसवते, असंही म्हणाले. दादा उठला. ‘पुरे. चल गं,’ वहिनीला म्हणाला. तिचा चहा तसाच राहिला.

नाकाड्या पहारेकरी पडून फुटला. कुणाचा धक्का लागला कोण जाणे. माझाच असेल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

चूक त्यांची आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

चूक त्यांची असली तरी इतकं बोलायला नको होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

कुणी आलं नाही. साडेतीनपर्यंत टेबल मांडून बसले होते. मग एकटीच दरोडेखोर माळ्यावरून खाली उतरवत बसले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारच्या सुट्टीत फोटोग्राफरच्या दुकानात गेले. तो एका आजोबांना ‘हलू नका, हसू नका’ करत होता. मला बघून स्वतःच हलला. आजोबा गेल्यावर मी सरळ विचारलं, खुणा करत होतात की नाही? खरं सांग.

तो कॅमेऱ्याची काच पुसायला लागला. मग म्हणाला, ‘ताई, तुमच्या घरातली गोष्ट आहे. वहिनींनाच विचारा. त्या रडत होत्या त्या दिवशी जिन्यात. पण रागावून नाही.’

रागावून नाही, म्हणजे कशाने?

२६ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनीला मेसेज केला. फोन नाही, फोनवर तिचं बोलणं धड कळत नाही, तो तिचा फोनच भिकार आहे. लिहिलं — ‘माझं चुकलं. तोंड सुटलं. रविवारी या तिघंही. फासे परत आणते, तो नियम गेला खड्ड्यात.’

तासाभराने उत्तर आलं. ‘येतो. पण आधी एकदा तुझ्याच नियमाने.’

बदला घेणार बहुतेक. घेऊ दे! आले म्हणजे झालं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

दोनदा केर काढला. तुळई नव्याने टांगली. उद्या मुद्दाम त्यांना निसटू देईन, चकार शब्द काढणार नाही.

१ मार्च, रविवार

आले. मी पाठ करून खिडकीशी उभी राहिले. काहीच ऐकू आलं नाही. बराच वेळ गेला. वळले तर दादा डोळे पुसतोय.

वहिनी उठून माझ्यासमोर आली. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, ‘नुसते ओठ हलवत नव्हते गं मी. बोलत होते. पहिल्या रविवारी आम्ही कुजबुजलो. ह्याचं कुजबुजणंही तुला ऐकू आलं नाही, तेव्हाच मला शंका आली. त्यानंतरचे दोन रविवार नेहमीच्या आवाजात बोलत होतो. तू एकदा तरी पकडावंस म्हणून.’

हे तिने दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी पाठमोरी होते.