एका चुलीवर जेवणारी माणसे

ठाणे,
११ नोव्हेंबर १९९७

प्रिय जनी,

तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण वेळ होता. दिवाळीच्या पत्रात तू तुझ्या आईची खुशाली विचारली होतीस आणि काय लिहावं ते मला ठरवता येत नव्हतं. काकीची तब्येत ठणठणीत आहे. मात्र भाऊबीजेपासून ती आपल्या घरात जेवत नाही. अंगणात तीन दगड मांडून वेगळं रांधते. माझी आई रोज तिच्यासाठी कालवणाची वाटी झाकून ठेवते आणि सकाळी तशीच उचलते. उरणला तुला हे कोणी कळवलं नसेल, म्हणून आधी एवढं लिहिलं. आता कारण लिहिते. ते माझ्यापासून सुरू होतं.

तू एकदा विचारलं होतंस की मी दिवसभर कॉम्प्युटरवर नेमकं करते काय. माहिती भरण्याआधी तिचे खण ठरवावे लागतात. त्यांना आम्ही टेबल म्हणतो. आमच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे, त्यात ही टेबलं नुसती आखायची असतात. पडद्यावर चौकोन काढायचा, त्याला नाव द्यायचं, आत कॉलम लिहायचे, मग एकेकाचे गुणधर्म ठरवायचे: आकडे की अक्षरं, किती अक्षरं, रिकामा चालेल की नाही. शेवटी प्रत्येक टेबलाला व्याख्येची एक चौकट असते. बहुतेक लोक ती कोरी सोडतात. आमचे त्र्यंबक सर सोडू देत नाहीत. म्हणतात, मंदाकिनी, ज्याची व्याख्या करता येत नाही त्याचं टेबल करू नकोस. मला हे पटायचं. अजूनही पटतं, हेच वाईट आहे.

काम खाडीकाठच्या नव्या रस्त्याचं होतं. कोपरकडच्या ज्या वस्त्या उठणार, त्यांची यादी करायची होती. दर कुटुंबाला एक खोली, कल्याणच्या पलीकडे. त्यात आपली आळी आहे हे मी सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, उत्तम, तुला तिथली माणसं कळतील. ‘कुटुंब’ या टेबलापाशी मी अडले. रेशनकार्ड धरावं तर निम्म्यांकडे नाही. घर धरावं तर एका छपराखाली चार-चार बिऱ्हाडं. मग मी आपल्या घराचा विचार केला आणि लिहिलं: एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. लिहिलं इंग्रजीत, पण मनात मराठीच होतं. भाऊ वेगळे झाले असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही, चुली वेगळ्या झाल्या म्हणतात. जनगणनेतही जवळपास हेच धरतात, हे मला नंतर कळलं. सरांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. त्या दिवशी मी खूश होते.

तेच वाक्य छापून सर्व्हेच्या माणसांना दिलं गेलं. ते दारोदार विचारत गेले, चुली किती? शेजारचा राघो आणि त्याचा भाऊ शिमग्याला जाळ्यावरून भांडले होते, त्यांच्या दोन चुली निघाल्या. आपल्या दारात काकी उभी होती. तिचा आवाज तुला माहीत आहे. म्हणाली, ‘येकच. गुनाजी गेला त्याला सोला वरसं झाली, आमच्या घरान दुसरी चूल नाय पेटली.’ त्या माणसाने ‘१’ असा आकडा लिहिला. कुटुंबप्रमुख दामाजी, म्हणजे बाबा. नात्यांची यादीही मीच केली होती: पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, सून, नातवंड. उरलेल्यांसाठी शेवटचा क्रमांक, ‘इतर’. काकी आपल्या घरात ‘इतर’ आहे.

दिवाळीच्या आधी यादी लागली. राघोला दोन खोल्या, आपल्याला एक. यादी वाचून तो सगळ्यांसमोर म्हणाला, ‘काकी, जरा भांडाला शिकली असतीस तर खोली भेटली असती.’ लोक हसले. काकी घरी आली आणि मला म्हणाली, ‘त्या मशिनीन तूच लिवलंस ना? मग मना कुठं लिवलंस?’ मी तिला व्याख्या समजावली. अगदी नीट समजावली, जनी. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मंजे येका चुलीवर जेवलो ती चूक झाली.’ घराचा अर्धा भाग तुझ्या बाबांचा, गुणाजीकाकांचा, पण त्याचा कागद कधी केलाच नाही, कारण कधी गरज पडली नाही. नवी खोली बाबांच्या नावावर, पुढे ती माझ्या भावाची, रघुची. तो वाईट नाही. पण त्याची बायको कोण येईल हे कोणाला माहीत नाही, आणि तुझ्या आईला म्हातारपणी तिच्या मर्जीवर राहावं लागेल.

एक गोष्ट घरी कोणाला सांगितलेली नाही. यादी पक्की होण्याआधी छापील पानं तपासायला माझ्याकडेच आली होती. आपल्या घराचं पान मी पाहिलं. हातात नऊ दिवस होते. विधवेला वेगळं धरावं, एवढा एक कॉलम वाढवता आला असता. अर्ध्या तासाचं काम. मी सरांकडे गेले नाही. आपल्या घरासाठी नियम वाकवला असं कोणी म्हणू नये, असं मी स्वतःला सांगितलं. खरं इतकंच की व्याख्या माझी होती, ती बरोबर होती, आणि तिला कोणी हात लावलेला मला नको होता. आळीत आणखी सहा विधवा अशाच ‘इतर’ आहेत. मी मोजल्या, पण यादी लागल्यावर.

हरकत घ्यायची मुदत २८ तारखेपर्यंत आहे. कचेरीतला माणूस म्हणाला, सर्व्हेच्या आधीपासून चूल वेगळी होती असं प्रतिज्ञापत्र द्या, खोली मिळेल. बाबा आधी नाही म्हणाले. माझी भावजय वेगळी जेवत होती असं लिहून देऊन आळीत तोंड कसं दाखवू, म्हणाले. परवा त्यांनी मुकाट्याने सही केली. काकी अंगठा देत नाही. दिवसातून दोनदा वेगळी चूल पेटवते आणि म्हणते, ‘आज येगली झाले. तवा नव्हते.’ ती बरोबर आहे. तिला चूक ठरवायचा अधिकार मला उरलेला नाही. म्हणून हे पत्र. तू २८ च्या आत ये. कागदावर साक्षीदाराची जागा मोकळी आहे, तिथे तुझं नाव घालायचं आहे. आणि तिच्यासमोर बसून तुला म्हणावं लागेल की तुला आठवतं, लहानपणी तू तुझ्या आईच्या हातचं जेवायचीस आणि मी माझ्या. हे ऐकून ती अंगठा देईल, की तुझ्याशीही बोलणं टाकेल, मला सांगता येत नाही. दुसरा उपाय मी शोधला. नाही.

अजून तुझीच म्हणवून घेणारी,
मंदा